पुण्यातल्या सर्व्हिस फर्मसाठी: ऑफिसचा कार्बन कमी करायला सुरुवात कुठून करायची

तुमची फर्म सीएची असो, आर्किटेक्टची, इंजिनीअरिंग कन्सल्टन्सीची नाहीतर वकिलांची, पर्यावरणाचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, आपल्याकडे कुठे कारखाना आहे, ना चिमणी ना सांडपाणी, आपण काय प्रदूषण करणार. मग ५ जून, म्हणजे पर्यावरण दिन आला की टेकडीवर चार रोपं लावायची, सगळ्यांना स्टीलची बाटली द्यायची, प्रिंटरवर कागद वाचवा असा स्टिकर चिकटवायचा आणि विषय पुढच्या जूनपर्यंत बंद. रोपं लावायला माझा अजिबात विरोध नाही, बाटलीलाही नाही, पण ऑफिसमुळे हवेत जाणारा कार्बन त्याने जवळपास हलतच नाही, कारण तो मुळात तिथे नसतो, तो असतो एसीत, गाड्यांत, विमानाच्या तिकिटांत आणि दर तीन वर्षांनी येणाऱ्या नव्या लॅपटॉपांत. आकडे एकदा स्वतः मांडून बघितले की कुठलं काम आधी करायचं ते लगेच कळतं. ज्याला ऑफिसमध्ये "ते सस्टेनेबिलिटीचं तू बघ" असं सांगितलंय आणि सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये, त्याच्यासाठी हे सगळं लिहितोय.

आणि हे आत्ताच का, तर क्लायंट विचारायला लागलेत म्हणून. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२१ मध्ये बीआरएसआर नावाचा, कंपनी पर्यावरण आणि समाजाबाबत काय करते ते सांगणारा अहवाल आणला, २०२२-२३ पासून तो बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना सक्तीचा झाला, आता त्या कंपन्या आपल्या पुरवठादारांना प्रश्नावली पाठवतात आणि ऑडिट करणारी, ड्रॉइंग काढून देणारी फर्मसुद्धा त्यांच्या लेखी पुरवठादारच असते. तेव्हा प्रश्नावली आल्यावर रात्रभर बसून काहीतरी भरण्यापेक्षा आधीच नीट हिशोब ठेवलेला बरा.

आधी एक पार्टनर पकडा

हे काम एकट्या ॲडमिनवाल्याने होत नाही. एसीचं तापमान, विमानाचं तिकीट, गाडीचा भत्ता, लॅपटॉप किती वर्षं वापरायचा, हे सगळे निर्णय पैशाचे आणि सोयीचे आहेत, त्यामुळे सही करू शकणारा एक तरी पार्टनर किंवा डायरेक्टर सोबत हवाच. त्यांना पर्यावरणाचं भाषण देत बसू नका, वर्षाचं वीजबिल आणि प्रवासखर्च एका कागदावर लिहून समोर ठेवा, बाकी बोलणं सोपं जातं.

मग बिलं गोळा करा

गेल्या आर्थिक वर्षाचं, एप्रिल ते मार्च. महावितरणची बारा बिलं (रुपये नकोत, युनिट हवेत), ऑफिसच्या नावावर असलेल्या गाड्यांचं पेट्रोल-डिझेल, जनरेटरचं डिझेल, एसीवाल्याची बिलं ज्यात गॅस भरल्याची नोंद असते, विमान-ट्रेन-टॅक्सीचा खर्च, नवीन घेतलेले कॉम्प्युटर आणि कागदाची रिमं. अकाउंट्समध्ये यातलं बहुतेक सगळं सापडतं. एक गोष्ट तेवढी सापडत नाही, माणसं ऑफिसला येतात कशी ती. त्यासाठी एक छोटा फॉर्म फिरवा, कुठून येता, कशाने येता, आठवड्यात किती दिवस, बास. नाव टाकायची सक्ती करू नका, खरी उत्तरं मिळतात.

या सगळ्याची विभागणी जगभर एकाच पद्धतीने होते, जीएचजी (म्हणजे हरितगृह वायूंचा) प्रोटोकॉल म्हणतात त्याला. आपण स्वतः जाळतो ते इंधन आणि एसीतून गळणारा गॅस म्हणजे स्कोप १, विकत घेतलेली वीज म्हणजे स्कोप २, आणि बाकी सगळं, म्हणजे लोकांचं येणं-जाणं, विमानं, खरेदी, कचरा हे स्कोप ३, ज्यात एकूण १५ प्रकार आहेत. पंधराच्या पंधरा भरायच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका, सर्व्हिस फर्मला त्यातले चार-पाचच खरे लागू पडतात.

आता गुणाकार

लागणारे आकडे थोडेच आहेत. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलचे साधारण २.७ किलो. विजेसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी आकडा जाहीर करतं, देशाच्या ग्रिडचा हल्ली युनिटमागे ०.७२ किलोच्या आसपास आहे, कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशावरच बनते.

उदाहरण घेऊ. समजा कर्वे रोडवर ४० माणसांचं ऑफिस आहे, महिन्याला सरासरी ४००० युनिट. वर्षाचे ४८,००० युनिट, गुणिले ०.७२, झाले जवळपास ३४.५ टन. आता येणं-जाणं. समजा २० जण टू-व्हीलरवर, रोज जाऊन-येऊन २० किलोमीटर, ४५ चा ॲव्हरेज, वर्षाचे २४० दिवस, सगळ्यांचे मिळून होतात ५ टनांच्या आत. आणि ८ जण एकेकटे कारने, रोज २४ किलोमीटर, ट्रॅफिकमध्ये १२ चा ॲव्हरेज, त्यांचे होतात ८.८ टन. म्हणजे आठ माणसं वीस माणसांच्या पावणेदोन पटीहून जास्त. पुणे-दिल्ली विमान एका बाजूला माणशी साधारण १०० ते १५० किलो धरा, वर्षात ३० रिटर्न ट्रिपा झाल्या तर ६ ते ९ टन. आणि कागद, ज्याच्यासाठी स्टिकर लावला होता, महिन्याला ४० रिमं धरली तरी वर्षाचा एक-दीड टन.

हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे वेगळे येतील, खराडीच्या काचेच्या टॉवरमधे ऑफिस असेल तर वीज आणखी वर जाईल, सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जागेवरच्या बिल्डिंगमधे पहिल्या मजल्यावर पंख्यावर भागत असेल तर खाली येईल. पण क्रम बहुतेक ठिकाणी हाच लागतो, वीज, मग प्रवास, मग खरेदी, कागद कुठेतरी शेवटी. म्हणून कामंही त्याच क्रमाने.

वीज, म्हणजे मुख्यतः एसी

सगळ्यात आधी एक फुकटातली चाचणी करा. शनिवारी ऑफिस बंद करताना मीटरचं रीडिंग घ्या, सोमवारी उघडताना परत घ्या. ऑफिसात कोणी नसताना किती युनिट गेले ते कळेल. हा आकडा बघून लोक चकित होतात, कारण सर्व्हर, सर्व्हर रूमचा एसी, चालू राहिलेले मॉनिटर, वॉटर कूलर, गीझर हे सगळं रविवारभर चालूच असतं. कोपऱ्यात पडलेला एक जुना सर्व्हर सतत ३०० वॅट खात असेल तर वर्षाचे २६०० युनिट होतात, जवळपास १.९ टन, त्याला थंड ठेवणाऱ्या एसीचे वेगळेच. त्यावर नक्की काय चालतं ते आयटीवाल्याला विचारा, बऱ्याचदा एक जुनं सॉफ्टवेअर आणि थोडा बॅकअप एवढंच असतं आणि ते दुसरीकडे हलवता येतं.

मग तापमान. बीईई, म्हणजे उपकरणांना स्टार रेटिंग देणाऱ्या सरकारी संस्थेच्या हिशोबाने सेटिंग एक डिग्री वर नेलं की एसीची साधारण ६ टक्के वीज वाचते, आणि २०२० पासून नवीन स्टार रेटिंगवाले रूम एसी सुरू होतानाच २४ वर सुरू होतात. पुण्यात मार्च ते मे सोडले तर २६ आणि वर पंखा यात माणूस आरामात बसतो, जून ते सप्टेंबर तर बऱ्याच दिवशी खिडक्या उघडल्या तरी चालतं (रस्त्याचा आवाज आणि धूळ नसेल तर, कर्वे रोडवाल्यांना हे पटणार नाही हे मान्य). पण २६ करा असा मेल टाकून काही होत नाही. ज्याच्या डोक्यावर थेट झोत येतो त्याला थंडी वाजते आणि कोपऱ्यातला घामाघूम होतो, मग रिमोटची ओढाताण सुरू. आधी पंखे लावा, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॅटच्या आसपास घेतो, जुना साधा ७५ च्या पुढे. पश्चिमेकडच्या काचांना पडदे किंवा बाहेरून चिकाची चटई लावा, बसायच्या जागा थोड्या बदला आणि मग तापमान एकेक डिग्रीने वर न्या, दोन आठवड्यांत एक. कोणाला तब्येतीमुळे चालत नसेल तर त्याची सोय आधी बघा, लोकांना त्रास देऊन केलेली बचत टिकत नाही.

एसीच्या गॅसकडे फार कमी लोक बघतात आणि मला वाटतं नवख्या माणसाने हे पहिल्या महिन्यातच धरावं. आर-४१०ए नावाचा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत २०८८ पट तापवतो, जुना आर-२२ सुद्धा १८०० पटीच्या वर आहे, नवीन स्प्लिटमधे येणारा आर-३२ साधारण ६७५ पट. म्हणजे आर-४१०ए चा एक किलो गळून गेला की दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं, अख्ख्या ऑफिसच्या वर्षभराच्या कागदापेक्षा जास्त. आणि होतं काय, दर उन्हाळ्यात एसीवाला येतो, गॅस कमी झालाय म्हणतो, भरतो, जातो. गॅस हा पेट्रोलसारखा संपत नाही, तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी लीक आहे. तेव्हा एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) करतानाच लिहून घ्या की लीक शोधून बंद केल्याशिवाय गॅस भरायचा नाही, किती किलो आणि कुठला भरला ते बिलावर लिहायचं, आणि जुना एसी काढताना गॅस हवेत सोडायचा नाही, सिलिंडरमधे काढून घ्यायचा. दोन-तीन एसीवाल्यांना विचारा, यातला फरक कळणारा एक तरी भेटतोच.

ट्यूबलाइटचं फार सांगत नाही, एलईडी नसतील तर लावा, विषय संपला.

भाड्याची जागा असेल तर

पुण्यातल्या बऱ्याच फर्म भाड्याच्या जागेत, त्यामुळे छतावर सोलर लावू म्हणणं सोपं आणि करणं अवघड. एक किलोवॅट सोलरला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते आणि पुण्यात त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या ऑफिसची सगळी वीज सोलरवर न्यायची तर ३० किलोवॅटच्या पुढे, ३००० चौरस फुटांहून जास्त गच्ची. एकट्याने होत नाही, पण बिल्डिंगची सोसायटी लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी लावू शकते, मेंटेनन्स कमी होतो म्हणून बाकीचे लोकही ऐकतात. सोसायटीच्या सभेला जा, हे मी कळकळीने सांगतोय, तिथे ऑफिसवाले कधी येतच नाहीत.

दुसरा रस्ता ग्रीन टॅरिफचा. वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये परवानगी दिली की ग्राहकाने मागितलं तर महावितरणने त्याला शंभर टक्के अक्षय ऊर्जेची वीज द्यायची, तेव्हा युनिटला ६६ पैसे जादा ठरले होते, चालू दर अर्ज करताना विचारून घ्या. मीटर मालकाच्या नावावर असेल तर अर्ज त्यांच्याकडूनच जाणार, म्हणून करार रिन्यू करताना हा मुद्दा काढा. सोबत हेही लिहून घ्या की वेगळा सब-मीटर मिळेल आणि जनरेटरला किती डिझेल लागलं ते मालक दर महिन्याला कळवतील. एक सांगतो, ग्रीन टॅरिफ घेतलं म्हणून एसी १८ वर टाकायला मोकळे असं नाही, आणि हिशोबात विजेचे दोन आकडे दाखवायचे असतात, ग्रिडच्या सरासरीने किती आणि तुम्ही विकत घेतलेल्या विजेप्रमाणे किती. दोन्ही दाखवा.

येणं-जाणं

इथे लोकांच्या आयुष्यात हात घालायचा असतो, त्यामुळे हळू. फॉर्मची उत्तरं नकाशावर टाकून बघा. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या दोन्ही मेट्रो आता चालू आहेत, सिव्हिल कोर्टला बदलता येतं, त्यामुळे कोथरूडहून येरवड्याला किंवा पिंपरीहून डेक्कनला येणाऱ्याला खरा पर्याय मिळालाय. अडतं ते स्टेशनपासून ऑफिसपर्यंतच्या शेवटच्या दीड-दोन किलोमीटरला. तिथे कंपनीने पैसे घालावेत, रिक्षाचं शेअरिंग, दोन-चार सायकली, पीएमपीचा पास, जे जमेल ते. आणि भत्त्याचा नियम तपासा. कितीतरी फर्ममधे कारला किलोमीटरमागे पैसे मिळतात, पार्किंग फुकट, आणि मेट्रोने येणाऱ्याला काहीच नाही, म्हणजे कारने या असं आपणच सांगतोय. मेट्रो-बसचा पूर्ण खर्च द्या, पार्किंगच्या जागा आधी दोघं-तिघं मिळून येणाऱ्यांना द्या, एवढ्यानेही त्या आठ कारच्या पाच होऊ शकतात.

वर्क फ्रॉम होम आठवड्यातून दोन दिवस दिलं तर प्रवास कमी होतो हे खरं, पण दिवस ठरवून द्या. रोज अर्धं ऑफिस रिकामं आणि एसी पूर्ण चालू, यात काही हाती लागत नाही. सोमवारी आणि शुक्रवारी एक मजला बंद, असं काहीतरी करा.

आणि रात्री उशिरा घरी जाणाऱ्यांना, विशेषतः बायकांना, बसने जा असं कधीही सांगू नका. त्यांना कॅब द्यायची, तो कार्बन हिशोबात धरायचा, त्यावर चर्चा नको.

क्लायंटकडे जाणं

मुंबईला कारने जाऊन-येऊन ३०० किलोमीटर, डिझेल गाडी १५ चा ॲव्हरेज धरला तर २० लिटर, ५४ किलो. चौघं मिळून गेलात तर ठीक, एकटा माणूस असेल तर ट्रेन. डेक्कन क्वीन १९३० पासून हेच काम करतेय, शिवाय प्रगती, इंद्रायणी, सिंहगड आहेत, आणि एक्सप्रेसवेच्या घाटात अडकण्यापेक्षा खिडकीशी बसून काम होतं. अडचण तिकिटाची असते, म्हणून मीटिंग आदल्या दिवशी संध्याकाळी ठरवायची सवय मोडावी लागते. दिल्ली-बंगळूरसाठी साधा नियम करा: पहिली भेट आणि शेवटचं प्रेझेंटेशन समोरासमोर, मधलं सगळं व्हिडिओवर, आणि एका शहरातली दोन कामं एकाच ट्रिपमधे. क्लायंटला आधीच सांगा, प्रपोजलमधेच लिहा की एवढ्या भेटी धरल्यात, पैसे त्यांचेही वाचतात त्यामुळे नाही म्हणणारा विरळाच.

ऑडिट आणि साइट व्हिजिट टाळता येत नाहीत, त्या टाळूही नका. चाकण, रांजणगाव, तळेगावच्या साइट वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या गाड्यांनी करण्याऐवजी एका बाजूच्या एका दिवशी लावल्या तरी बराच फरक पडतो.

लॅपटॉप आणि बाकी खरेदी

लॅपटॉपच्या आयुष्यातला बहुतेक कार्बन तो बनतानाच निघून गेलेला असतो, आपण वापरतो ती वीज त्यामानाने कमी. त्यामुळे नवीन, वीज कमी खाणारा घेऊ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. तीन वर्षांनी बदलायचा तो पाच वर्षं चालवा, रॅम वाढवा, बॅटरी बदला, साधी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका, हे सगळं काही तासांत होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला तेव्हा अनेक ऑफिसांनी चांगली मशीन काढून टाकली. असा ढीग तुमच्याकडेही असेल तर ज्यावर विंडोज ११ चालत नाही त्यावर लिनक्स टाकून रिसेप्शनला, ट्रेनिंगला वापरा, नाहीतर शाळेला द्या, डेटा नीट पुसून.

अगदीच भंगार झालं तर रद्दीवाल्याला नको. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, वर्षात कधीही १००० किंवा जास्त उपकरणं वापरणारी संस्था बल्क कन्झ्युमर धरली जाते, पण तुम्ही त्याखाली असलात तरी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद असलेल्या रीसायकलरलाच द्या आणि पावती फाइलला लावा.

कचऱ्याचं थोडक्यात. ओला-सुका वेगळा करून स्वच्छ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंच्या हातात द्या, त्यांची फी वेळेवर द्या, सॅनिटरी कचरा वेगळा, गुंडाळून. ते काम त्या हाताने करतात हे लक्षात ठेवून बादल्या भरा. चहाचे कागदी कप बंद करा, आत प्लास्टिकचा थर असतो, सहसा रीसायकल होत नाहीत. खालच्या अमृततुल्यवाल्याला सांगितलं तर तो काचेचे ग्लास आनंदाने वर पाठवतो.

आपण देतो तो सल्ला

आता हा भाग, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि कुठल्याच प्रश्नावलीत धड येत नाही. ४० माणसांच्या ऑफिसचा सगळा मिळून ६० टनांच्या आसपास कार्बन, तो तुम्ही ४० वर आणलात तर खूप केलंत. पण त्याच ऑफिसातला आर्किटेक्ट एका इमारतीची दिशा, खिडक्यांचा आकार, काच की भिंत, हे ठरवतो तेव्हा पुढची पन्नास वर्षं त्या इमारतीला किती एसी लागणार ते ठरतं. स्ट्रक्चरल इंजिनीअरने स्लॅब उगाच जाड ठेवला नाही तर किती सिमेंट वाचतं. एचव्हीएसी (इमारतीच्या एसी आणि हवेच्या) कन्सल्टंटने भीतीपोटी दुप्पट क्षमतेचा चिलर, म्हणजे थंडाव्याचं मोठं यंत्र, सुचवला नाही तर किती वीज. सीए क्लायंटला विजेचा खर्च प्रॉडक्टप्रमाणे फोडून दाखवू शकतो, तो आकडा त्या कारखान्याने कधी बघितलेलाच नसतो. म्हणून प्रत्येक नवीन कामाच्या चेकलिस्टमधे एक प्रश्न घाला, या कामात वीज, पाणी, माल किंवा प्रवास कमी होईल असा पर्याय आपण क्लायंटसमोर ठेवला का. त्याने तो घेतला नाही तरी चालेल, ठेवला पाहिजे. खर्चासकट ठेवा, नुसता हिरवा पर्याय म्हणून ठेवलात तर पहिल्याच मीटिंगमधे उडतो.

बाहेर काय सांगायचं

वेबसाइटवर कार्बन न्यूट्रल लिहायची घाई करू नका. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगविरुद्ध, म्हणजे पर्यावरणाच्या पोकळ दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्यात, पर्यावरणाचा दावा केला तर त्याला आधार दाखवता आला पाहिजे. कार्बन क्रेडिट (दुसऱ्याने कमी केलेला कार्बन) विकत घेऊन शून्य दाखवण्यापेक्षा, गेल्या वर्षी एवढे टन, यावर्षी एवढे, हे हे केलं, हे जमलं नाही, असं साधं पान क्लायंटला जास्त पटतं. झाडं लावलीत तर तेही लिहा, वेगळ्या ओळीत, एकूण आकड्यातून वजा न करता. आणि झाडं लावलीच तर तीन उन्हाळे पाणी घालायची जबाबदारी कोणाची ते नावासकट ठरवा.

दर एप्रिलला

पहिल्या वर्षाचा आकडा हा पाया, त्याच्याशी पुढची वर्षं ताडायची. एकूण टन आणि माणशी टन, दोन्ही लिहा, कारण माणसं ४० ची ६० झाली तर एकूण वाढेल आणि माणशी कमी होईल, त्यातला एकच आकडा दाखवणं बरोबर नाही. ऑफिस हलवलं तर पाया परत तपासा. खरं तर हलवायच्या आधीच तपासा, कारण मेट्रोपासून चालत दहा मिनिटांवरची जागा घेतली की येण्या-जाण्याचं निम्मं काम तिथेच होतं. शीटमधे प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून आला ते लिहा, कुठलं बिल, कुठला महिना, किलोमीटर मोजले की अंदाज केला, म्हणजे तुम्ही नोकरी बदललीत तरी पुढच्या माणसाला शून्यापासून सुरू करावं लागणार नाही.